उत्तरेच्या खिडकीतला डाव

किल्ली ल्युसीलला दिली तिथेच सगळं चुकलं, असं हेस्टर पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिली. द्यायचीच होती तर पोटच्या मुलीला द्यायची. ती दर महिन्याला रटलंडहून येते, शाळेच्या वह्या तपासत तपासत वडिलांचे मोजे रफू करते, त्यांची औषधं बघते. पण ओरिन व्हिटलसीने त्या मार्चमधल्या रविवारी, न्याहारीच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत खिशातून पितळी किल्ली काढली आणि सुनेच्या बशीशेजारी ठेवली.

"दुपारी वेंडल यायचाय डावाला," तो म्हणाला. "कपाटातले नाण्यांचे खण बाहेर काढ. खिडकीपाशी टेबल लाव, काळं कापड अंथर. थीडा लावायची तसं."

"बाबा, मी लावते ना," हेस्टर म्हणाली. "आई कसं लावायची ते हिला काय माहीत?"

"तू बटाटे सोल."

वॉरन हसला. हेस्टरने धाकट्या भावाकडे असं काही बघितलं की त्याने हसू कॉफीबरोबर गिळून टाकलं. ल्युसीलने किल्ली उचलली नाही. या घरात लग्न होऊन येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण न विचारता चमचासुद्धा उचलायची तिची छाती नव्हती. ती बर्लिंग्टनच्या फ्रेंच गिरणीकामगारांची मुलगी, कॅथलिक, आणि वॉरनने तिला घरी आणलं त्या दिवशी थीडाने तिला चहा दिला होता तो पाहुण्यांच्या कपातून. पुढेही कायम पाहुण्यांच्याच कपातून दिला. आमच्याकडे भांडण करायची ही पद्धत आहे.

"घे," ओरिन म्हणाला. "चावत नाही."

मग वॉरनने घसा खाकरला. तो हार्टफोर्डहून शनिवारीच आला होता, पोटात एक भाषण घेऊन. "बाबा, आपण काल बोललो त्याचं काय? आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. तुम्ही इथे एकटे. बर्फ काढायला माणूस मिळत नाही. उद्या पडलाबिडलात तर पोस्टमन येईपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तुझ्या वरच्या खोलीतून काय दिसतं?"

"काय दिसणार? रस्ता दिसतो."

"मग झालं." ओरिनने तोंड पुसलं. "आता माझं ऐका. आईच्या खुर्चीत आज कुणी बसलं, तर ते कपाट या घरात राहील. नाही बसलं, तर वेंडल जाताना घेऊन जाईल. मी त्याला तसं सांगितलंय."

"म्हणजे आमची परीक्षा घेताय," हेस्टर म्हणाली.

"परीक्षा कसली गं? मला एकट्याने ते उघडवत नाही," तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

गेल्याच्या गेल्या पानगळीत थीडा गेली. तेव्हापासून नाण्यांचं कपाट असलेल्या त्या खोलीचं दार कुणी उघडलं नव्हतं. तिथली शेगडीही दोन हिवाळे पेटली नव्हती.

डाव तसा साधा होता. आमची ही राज्यं इंग्लंडच्या राजाशी लढून मोकळी झाली आणि अजून एका संघात नीट बसली नव्हती, तेव्हा ज्याने त्याने आपापले तांब्याचे पैसे पाडले. कनेक्टिकटने राजासारखंच मुंडकं छापलं, न्यू जर्सीने घोड्याचं, आणि आमच्या व्हर्मांटने डोंगरामागून उगवणारा सूर्य. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे एकसारखं दुसरं नाही. वेड्यावाकड्या दिसणाऱ्या या पैशांना नावं पडली आहेत, गावातल्या माणसांना पडतात तशीच. हसरा. मेंढीतोंड्या. शिंगवाला. ओरिन आणि बेनिंग्टनचा वेंडल टटल यांनी तरुणपणापासून तेच गोळा केले. दर वर्षी मार्चमध्ये, मेपलच्या झाडांना रस सुटला की वेंडल यायचा. एकाने नाव पुकारायचं, दोघांनी आपापलं त्या नावाचं नाणं काळ्या कापडावर ठेवायचं. तिसऱ्याने तोवर पाठ फिरवून बसायचं, मग वळून सांगायचं, दोन्हीतलं सरस कुठलं. मालकांनी तोंड उघडायचं नाही. निकालावर वाद नाही.

तिसरी थीडा. तिची नजर दोघांहून पक्की होती आणि नवरा म्हणून तिने ओरिनला कधी एक डाव फुकट दिला नाही. एका वर्षी तो सगळे डाव हरला, तर रागाने तिने भाजलेली सफरचंदाची पाई खाल्ली नाही. तिने ती पाई त्याच्या डोळ्यांदेखत वेंडलला बांधून दिली.

दर रविवारी दुपारी ती दोघं एकेक नाणं मऊ कुंचल्याने हलकेच झटकायची. त्याने धरायचं, तिने झटकायचं. एवढंच. पाणी नाही, फडकं नाही. तांब्यावर दीडपावणेदोनशे वर्षांत जो अक्रोडासारखा तपकिरी रंग चढतो, तो या लोकांचा जीव की प्राण. तो गेला की नाण्यात काही राहिलं नाही.

हे ल्युसीलला कुणी सांगितलं नव्हतं. त्या खोलीत तिला कधी कुणी बोलावलंच नव्हतं. गेल्या नोव्हेंबरात, टर्कीच्या जेवणानंतर, सगळे पेंगत असताना जेवणघराच्या भिंतीवर टांगलेल्या एका नाण्याच्या चित्रापाशी ती उभी राहिली आणि सासऱ्याला म्हणाली, "बाबा, हा माणूस हसतोय का?" थीडा गेल्यापासून त्याला कुणी नाण्यांबद्दल एक शब्द विचारला नव्हता. वॉरन विचारायचा, पण तो विकायचं काय केलंत ते. आणि हेस्टरला लहानपणी त्या कपाटाला हात लावला म्हणून एक सणसणीत चपराक बसली होती, तेव्हापासून तिने नाण्यांशी बोलणं टाकलं होतं. किल्ली बशीशेजारी आली ती त्या एका प्रश्नामुळे.

खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. ल्युसीलने शेगडी पेटवली, टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी ओढलं, कापड अंथरलं. मग पहिला खण बाहेर काढला.

नाणी हिरवी पडली होती. सगळी नाही, पण बरीच. कुणाच्या गालावर हिरवा ठिपका, कुणाच्या कडेला पिठासारखा हिरवा भुगा. दुसरा खण तसाच. तिसराही. दोन हिवाळ्यांची ओल त्या लाकडात शिरली होती आणि तांब्याला कळंक चढला होता.

तिला पहिल्यांदा आठवलं ते सासऱ्याचं "एकट्याने उघडवत नाही." दुपारी तो इथे बसणार. मित्रासमोर खण ओढणार. आणि हे बघणार. तिला वाटलं, बायको गेल्यावर आपल्या हातून किती दुर्लक्ष झालं हे त्या बिचाऱ्याला चारचौघांत दिसायला नको.

बाकीचे सगळे वरच्या मेपलच्या गुऱ्हाळात होते. रस गोळा करायचा, काहिलीखाली लाकडं सारायची. घरात ती एकटी. कळंक चढलेल्या तांब्याचं काय करायचं हे मात्र तिला चांगलं ठाऊक होतं. तिची आजी ईस्टरच्या आधी सगळी तांब्याची भांडी अंगणात काढायची आणि नातींना कामाला लावायची. सिरका, मीठ आणि जुना लोकरी मोजा. भांड्यात आपलं तोंड दिसेपर्यंत घासायचं. तिने पहिला खण स्वयंपाकघरात नेला.

हिरवं गेलं. हिरव्याबरोबर तो मळका तपकिरीही गेला आणि खालून गुलाबी, नवंकोरं तांबं निघालं. ल्युसील गाणं गुणगुणायला लागली. या घरात तिला न सांगता सुचलेलं हे पहिलं काम होतं.

डोनट आणि आंबट काकड्यांची बरणी न्यायला हेस्टर खाली आली, तेव्हा सिरक्याचा वास दारातच आला. तिला वाटलं, काकड्यांचाच. मग तिने ओट्यावरच्या टॉवेलवर मांडलेली नाणी बघितली.

"ताई, बघा ना!" ल्युसीलचे हात कोपरापर्यंत ओले होते. "सगळी हिरवी पडली होती हो. बाबांना सांगू नका, त्यांना एकदम दाखवायचंय."

हेस्टर बघत राहिली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात एक अख्खा खण गुलाबी होऊन झळझळत होता. त्याच्या पलीकडे दोन खण अजून तसेच होते, तपकिरी, हिरवे, आईच्या हातचे. हेस्टर नाण्यांशी बोलत नव्हती, पण आंधळी नव्हती. आई रविवारी काय करायची आणि काय करायची नाही, हे तिने दाराच्या फटीतून अख्खं बालपण बघितलं होतं.

तोंड उघडलं असतं तर दोन खण वाचले असते. उघडायला ती निघालीही होती. पण मग तिला न्याहारीचं टेबल दिसलं, बशीशेजारची किल्ली दिसली, "तू बटाटे सोल" ऐकू आलं. आणि आतून कुणीतरी म्हणालं, बघू दे की त्यांना, कुणाच्या हातात किल्ली दिली ते.

"छान," हेस्टर म्हणाली. तिने बरणी घेतली, डोनटचा डबा घेतला आणि मागे न बघता चढण चढून गेली.

वेंडल टटल आपल्या खटारा गाडीतून आला तेव्हा चिखलाचे शिंतोडे त्याच्या टोपीपर्यंत उडालेले होते. गोठ्याच्या मागे, जिथे ऊन पोचत नाही, तिथला स्वच्छ बर्फ वॉरनने परातीत भरून ठेवला होता. ओरिनने काहिलीतला उकळता पाक त्यावर ओतला. पाकाची चामट तार झाली की ती काट्याला गुंडाळून खायची, गोडाने तोंडाला मिठी बसली की आंबट काकडीचा तुकडा, की पुन्हा पाक. वेंडल लहान मुलासारखा खात होता.

वॉरनने त्याला जरा बाजूला घेतलं. "वेंडलकाका, तुम्ही सांगा ना त्यांना. हार्टफोर्डला चला म्हणावं. तुमचं ऐकतील."

"का सांगू?"

"का म्हणजे? ते इथे एकटे आहेत."

"आणि मी काय बेनिंग्टनला जत्रेत राहतो का रे?" वेंडलने काकडीचा कचकन तुकडा तोडला. त्याची बायको त्याला सोडून गेली त्याला जमाना झाला होता आणि मुलं कुठे आहेत हे तो सांगत नसे. "तुझा बाप हार्टफोर्डला गेला तर मी कुणाशी खेळू? दोन वर्षं मी ही नाणी कुणाला दाखवली नाहीत. दाखवू कुणाला? लोक म्हणतात, वा, जुनी आहेत. जुनी आहेत! मीही जुना आहे, मला कुणी वा म्हणत नाही."

वॉरन हसला, पण त्याला बरं वाटलं नाही. बापाला एकटं सोडल्याचा ठपका आपल्यावर येतोय असं त्याला उगाचच वाटलं, आणि असं वाटलं की तो चिडायचा. "ती नाणी वेळेवर विकली असती ना," तो म्हणाला, "तर ते आज या शेगड्या फुंकत बसले नसते."

वेंडलने त्याच्याकडे बघितलं आणि दुसरी काकडी घेतली.

ओरिन दाढी करून, थीडाने विणलेलं जाकीट घालून खोलीत आला. खोली उबदार होती. टेबल बरोबर जागी होतं, खुर्ची बरोबर जागी. त्याने खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. वेंडलने आपल्या सपाट पेट्या काढून रांगेत ठेवल्या. वॉरन भिंतीला टेकला. हेस्टर चौकटीत उभी राहिली, आत ना बाहेर.

ल्युसीलने खणांवर पांढरा रुमाल झाकला होता. तिचे गाल लाल झाले होते. "बाबा, तुम्हीच उचला."

ओरिनने रुमाल उचलला.

मग वॉरन म्हणाला, "अरे वा! काय चमकतायत! बाबा, ही अशी होती होय? मला वाटायचं, बटणं आहेत मातीतली."

वेंडलचा हात पेटीच्या झाकणावर होता तो तिथेच राहिला.

ओरिनला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात आलोय. तीन खण. एकेक नाणं तो अंधारात बोटाने ओळखायचा. हे रूपर्ट गावच्या एका म्हातारीने शिवणाच्या डब्यातून काढून दिलेलं. हे थीडाने मळ्यात बटाटे खणताना काढलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या पानगळीत. आता सगळी सारखी, गुलाबी, सोललेली. त्याने वर बघितलं. ल्युसील दोन्ही हात पोटाशी धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत. तिच्या बोटांच्या पेरांना मीठ चरचरून भेगा पडल्या होत्या.

मग त्याची नजर चौकटीत गेली. हेस्टर त्याच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. तेव्हा त्याला तेही कळलं.

त्याला ओरडावंसं वाटलं. तो चांगला ओरडणारा माणूस होता, अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं. पण ओरडल्यावर काय होईल तेही त्याला दिसलं. ही रडेल. वॉरन भडकेल. दारं आपटतील. गाडी सुरू होईल. आणि मग ही खोली.

"हेस्टर," तो म्हणाला, "खुर्ची दे तिला."

हेस्टरने खुर्ची पुढे ओढली. ल्युसील थीडाच्या खुर्चीत बसली.

"पाठ फिरव," ओरिन म्हणाला. "आम्ही ठेवलं की वळ. सरस कुठलं ते बोटाने दाखव. घाई करू नको. वेंडल, पुकार."

वेंडल मित्राकडे बघत राहिला. ओरिनने मान किंचित हलवली. "हसरा," वेंडल म्हणाला.

दोन नाणी कापडावर आली. ल्युसील वळली आणि हसली. "हे! यात विचार काय करायचा?" तिने चमकणाऱ्या नाण्यावर बोट ठेवलं.

"बरं," ओरिन म्हणाला. वॉरनने टाळी वाजवली.

वेंडलने आपलं नाणं उचलून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्या टेबलावर त्याने आयुष्यात खोटा डाव खेळला नव्हता आणि म्हातारपणी सुरुवात करायची त्याची तयारी नव्हती. त्याने खिशातून भिंग काढलं. "सूनबाई, थीडा भिंग लावल्याशिवाय बोलायची नाही. हे घ्या."

"राहू दे, वेंडल," ओरिन म्हणाला.

"नियम आहे, ओरिन."

"म्हटलं ना, राहू दे!"

"असू द्या, बाबा," ल्युसील म्हणाली. "मला नीट शिकायचंय." तिने भिंग घेतलं आणि पाठ फिरवली. "काय बघायचं असतं?"

शेवटी ओरिननेच सांगितलं, तिच्या पाठीकडे बघत. "चमक बघायची नाही. डोक्यावरच्या पानांच्या माळेतलं एकेक पान सुटं दिसतं का बघ. केस बघ. अक्षरांच्या कडा बघ. कोरणाऱ्याचा हात जिथे जास्त दिसेल, ते सरस."

"शिंगवाला," वेंडल म्हणाला.

या नाण्याचा ठसा पाडता पाडता तडकला होता. ती तड राजाच्या छातीपुढे शिंगासारखी उमटते. ल्युसीलने भिंग आधी तपकिरी नाण्यावर धरलं. तिला शिंग दिसलं. शिंगाच्या बुडाशी चिलखताची खवलं दिसली. माळेतलं एकेक पान, पानाची मधली शीर. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणा माणसाने डोळे बारीक करून कोरलेली ती शीर बघून ती नकळत "अय्या" म्हणाली. मग तिने भिंग गुलाबी नाण्यावर नेलं. शिंग होतं, बोथट. पानांचा लगदा झाला होता. जिथे हिरवा ठिपका होता तिथे खड्डा होता, आणि सगळीकडे बारीक ओरखडे, एकाच दिशेने गेलेले. मोजा ज्या दिशेने फिरला त्या दिशेने.

तिने भिंग पुन्हा तपकिरी नाण्यावर नेलं, मग परत गुलाबीवर.

"पाहुण्यांचं," ती म्हणाली.

"सूर्य," वेंडल म्हणाला. हे आमच्या व्हर्मांटचं. डोंगरांची रांग, तीवर उभी झाडं, मागे अर्धा सूर्य, खाली नांगर. ल्युसीलने तपकिरी नाण्यातली झाडं एकेक करून बघितली. दुसऱ्यात डोंगर होता, झाडं नव्हती.

"पाहुण्यांचं." तिने भिंग खाली ठेवलं. "पहिला डाव परत मांडा."

"निकाल बदलत नसतो," ओरिन म्हणाला. "थीडाने कधी बदलला नाही."

"त्यांच्यावर वेळ आली नसेल, बाबा. माझ्यावर आलीय. मांडा ना."

हसरा परत कापडावर आला. तिने या वेळी भिंगही फार वेळ धरलं नाही. "मी चुकले. पाहुण्यांचं आहे." मग ती वर न बघता म्हणाली, "हे मी केलंय ना?"

"काय केलंयस?" वॉरन भिंतीपासून पुढे आला. "काय झालंय? कुणी सांगेल का मला?"

"मी घासली. सिरका आणि मीठ लावून. हिरवी पडली होती."

वॉरनला नाण्यांमधलं काही कळत नव्हतं, पण किंमत कशाने जाते एवढं कळत होतं. "अगं, तुला कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? काढून ठेव म्हणाले होते ना ते? काढून! दुसऱ्याच्या वस्तूला—"

"वॉरन, मी आले तेव्हा एकच खण झाला होता," हेस्टर म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती चौकटीला घट्ट धरून उभी होती. "दोन बाकी होते. मी बघितलं. मला माहीत होतं. ही म्हणाली, बघा ना, आणि मी छान म्हणाले आणि काकड्या घेऊन गेले." तिने बापाकडे बघितलं. "बोला ना काहीतरी. हिला नाही बोललात, मला तरी बोला."

मुलीला काय बोलावं हे ओरिनला आयुष्यभर जमलं नव्हतं, ते तेव्हाही जमलं नाही. "हिरवी मी केली," तो शेवटी म्हणाला. "दोन वर्षं दार उघडलं नाही. थीडा असती तर मलाच धरून हाणलं असतं."

ते माफ करणं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. हेस्टरला ते पुरलं नाही. ती वळून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांड्यांचा आवाज सुरू झाला. तिच्या मागे कुणी गेलं नाही. जायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. त्या घरात तिच्या मागे कधीच कुणी गेलं नाही.

वॉरन गाडीचे टायर बघतो म्हणून बाहेर गेला. वेंडलने आपली नाणी एकेक करून पेटीत ठेवली. टोपी घालताना तो कपाटाकडे बघून म्हणाला, "हे इथेच राहू दे, ओरिन. मी नेऊन काय करू?"

"ठरलं होतं तसंच होईल," ओरिन म्हणाला. "खुर्चीत बसलंय कुणीतरी."

"बसलंय खरं." वेंडलने ल्युसीलपुढे टोपी जराशी उचलली. "निवाडा चोख केलात, सूनबाई. थीडाला आवडला असता." दारात तो थांबला. "पण आता खेळायचं कशाने रे?"

वेंडलची गाडी चिखलातून घरघरत उतार उतरून गेली. तो मुख्य रस्त्याला लागेपर्यंत आवाज येत होता.

खोलीत दोघंच राहिली. खिडकीबाहेर डोंगरावरचं ऊन वर सरकत होतं. ल्युसील अजून त्याच खुर्चीत बसली होती. तिने नाणी परत खणात लावायला घेतली, कडांना धरून, आता जपून. ओरिनला ते बघवेना आणि थांबही म्हणवेना.

"रुमाल उचललात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली.

"हं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मला खुर्चीत काय बसवलंत? मी मूर्खासारखी बोट ठेवलं त्या नाण्यावर, आणि तुम्ही बरं म्हणालात."

ओरिनने शेगडीत एक लाकूड सारलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून पुन्हा सारलं.

"बोललो असतो तर तू रडली असतीस," तो म्हणाला. "वॉरनने तमाशा केला असता. जेवायच्या आधीच तुम्ही गाडी काढली असती."

"पण बाबा," ल्युसील हळूच म्हणाली, "आम्ही तसेही उद्या जाणारच आहोत ना."

"हो," ओरिन म्हणाला. "पण उद्या."